अर्धा लिटर पाणी

बाबांनी बाटलीतलं पाणी बेसिनमध्ये ओतलं तेव्हा मी दाराशी उभी होते. मुद्दाम नाही. त्यांचा चष्मा माझ्याकडे राहिला होता, तो द्यायला मागे गेले आणि दार अर्धं उघडं होतं. त्यांनी बाटली उलटी केली नव्हती. बेसिनच्या कडेला टेकवून तिरकी धरली होती, आवाज होऊ नये अशी. पाणी कडेवरून गुपचूप ओघळत होतं. बाटली एक लिटरची, नवी कोरी. तिच्या मध्यावर मीच मार्करने आडवी रेघ मारून दिली होती. रेघेपर्यंत प्यायचं, मग थांबायचं, असा रोजचा नेम. पाणी बरोबर रेघेवर आलं तसं त्यांनी बाटली सरळ केली, झाकण फिरवलं, खिशातून रुमाल काढला आणि ओठ पुसले. कोरडे ओठ. बाकी सगळं विसरेन, पण तो रुमाल डोळ्यांसमोरून जात नाही.

चष्मा न देताच मी परत येऊन बाकावर बसले. तेही आले, शेजारी बसले, बाटली मला दाखवली. मी मान हलवली. पाऊण तासाने त्यांना आत बोलावलं आणि दहा मिनिटांत परत बाहेर पाठवलं. मशीनवर झोपवल्यावर रोज आधी एक स्कॅन होतो, त्यात मूत्राशय रिकामं दिसलं होतं. टेक्निशियन मुलगी बाहेर आली. आवाजात राग अजिबात नव्हता, थोडी काळजी होती. “आजोबा, पाणी प्यायलात ना?” बाबा म्हणाले, “प्यायलो की.” तिने माझ्याकडे पाहिलं.

“हो, प्यायले,” मी म्हणाले.

हे का म्हणाले, ते मला तेव्हा कळलं नाही. तो त्यांचा सहावा दिवस होता. रेडिएशनच्या एकूण वीस सिटिंग घ्यायच्या होत्या, आठवड्याचे पाच दिवस, चार आठवडे. त्या वीस दिवसांपर्यंत त्यांना आणायला मला तीन महिने लागले होते, आणि त्या तीन महिन्यांत मी त्यांच्याशी जितकी भांडले तितकी आयुष्यात भांडले नव्हते. आता कुठे गाडी रुळावर आली होती, आणि हा माणूस बेसिनमध्ये पाणी ओतत होता.

बाबांचा कॅन्सर ज्या ग्रंथीत होता, तिला आपल्या भाषेत पौरुषग्रंथी म्हणतात. डॉक्टर प्रोस्टेट म्हणतात, घरात आम्ही ‘लघवीचा त्रास’ म्हणत होतो. रिपोर्ट आल्यावर बाबांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि विचारलं, “शेक द्यावा लागणार?” रेडिएशनला कितीतरी घरांत शेक म्हणतात, कुणी लाईट म्हणतात. शेक म्हटलं की उष्णता आलीच. बाबांच्या थोरल्या भावाला खूप वर्षांपूर्वी गळ्यावर शेक दिला होता, कोबाल्टच्या मशीनने. काकांच्या मानेची कातडी काळी पडून सोलत होती आणि बाबा रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होते. तेव्हा मी लहान होते. पुठ्ठ्याचा तो फडफड आवाज मला आठवतो, मान पाहिल्याचं आठवत नाही. बहुधा मला पाहू दिली नसावी. बाबांनी मात्र ती रोज पाहिली होती. आयुष्यभर फिटर म्हणून काम केलेला माणूस, वेल्डिंगची ठिणगी उडून हातावर पडलेले डाग अजून दाखवतो. आग काय करते हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. मी त्यांना सांगत होते, आता मशीन वेगळं असतं, किरण अनेक दिशांनी येतात, नेम अचूक असतो. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “ते खरं, पण मला नको.”

शेवटी एक साधी गोष्ट त्यांच्या मनाला पटली. किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक ग्रे म्हणजे एका किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. बाबांना ज्यूल माहीत होता. त्यांना एका दिवसाला ३ ग्रे मिळणार होते. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने हिशेब मांडला. तेवढ्या ऊर्जेने पाणी किती तापेल? एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढंही नाही. त्यांनी आकडा दोनदा तपासला, पेन्सिल कानामागे अडकवली आणि म्हणाले, “मग हा शेक नव्हेच.” नव्हेच. उष्णतेचा इथे काही संबंध नाही. किरण पेशीच्या आत शिरून डीएनएचे धागे तोडतात, काही थेट, आणि बरेचसे पेशीतल्या पाण्यापासून तयार होणाऱ्या अतिक्रियाशील कणांच्या मार्फत. एका ग्रेने एका पेशीत डीएनएचे दोन्ही पदर एकाच जागी तुटतील असे सुमारे ४० घाव बसतात. काकांच्या मानेचं काय झालं याचं उत्तर त्या हिशेबात नव्हतं, आणि तेही ते जाणून होते. कातडीच्या पेशींचेही धागे तुटतातच. जुन्या मशीनच्या किरणांचा मोठा वाटा वाटेतच कातडीजवळ खर्च व्हायचा, आता तो बराच आत, नेमक्या जागी पोचतो. काकांचं नाव मात्र त्या दिवशी आम्ही दोघांनीही घेतलं नाही.

शेकाला ते तयार झाले, तर डॉक्टरांनी दुसरी गोष्ट सांगितली. त्यांचे शब्द होते, “अशा गाठी एकट्या रेडिएशनला पुरेशी दाद देत नाहीत. सोबत इंजेक्शन घ्यावं लागेल, दोन वर्षं.” ‘दाद देत नाहीत’ हे शब्द ऐकून बाबांनी मान वर केली. गाण्याला आपण दाद देतो. अन्याय झाला तर दाद मागतो. आणि एखादा कशालाच बधत नसेल, तर तो दाद लागू देत नाही. एवढ्या तीन टोकांना जाणारा शब्द, आणि तो एका गाठीबद्दल. मला तो शब्द त्या दिवसापासून चिकटला.

इंजेक्शन कसलं, ते कळल्यावर बाबांनी सरळ नकार दिला. ते शरीरातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, जवळजवळ शून्यावर आणतं. डॉक्टरांनी दुष्परिणाम नीट सांगितले, काही लपवलं नाही: अंगातून गरम वाफा, स्नायू झिजणं, हाडं ठिसूळ होणं, थकवा, इच्छा जाणं. “इच्छा” म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घरी येताना बाबा म्हणाले, “शेक घेईन. इंजेक्शन नाही.” चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला आता त्याचं काय, असं मी मनात म्हटलं. ते मनात म्हटलं याची मला आज लाज वाटते. ग्रंथीच्या नावातच पौरुष आहे, आणि तेच काढून घेणार म्हणून सांगितलेलं. कोणत्या वयापर्यंत ते आपलं असावं, हे ठरवणारी मी कोण?

रात्री मी वाचत बसायची. कॅन्सरच्या पेशी किरणांना दाद का देत नाहीत, एवढंच शोधत. वाचता वाचता लक्षात आलं की हा प्रश्न फार जुना आहे. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद रेगो नावाच्या संशोधकाने मेंढ्यांच्या वृषणांवर किरण सोडून पाहिले. एकाच वेळी मोठी मात्रा दिली तर वरची कातडी होरपळायची. तीच मात्रा काही दिवसांत वाटून दिली तर काम व्हायचं आणि कातडी वाचायची. रोज थोडं थोडं देण्याची पद्धत तिथून रुजली. नंतर इंग्लंडमध्ये एल. एच. ग्रे यांनी, ज्यांच्या नावाने ते एकक आहे, १९५३ मध्ये दाखवलं की प्राणवायू कमी असलेल्या पेशी किरणांना फार चिवटपणे तोंड देतात. त्यांना मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. दोन वर्षांनी त्यांनी आणि थॉमलिन्सन यांनी फुप्फुसाच्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा रक्तपुरवठ्यापासून जेमतेम दीडशे मायक्रॉनपर्यंतच पेशी जिवंत दिसल्या, त्यापलीकडे मृत. मधल्या सीमेवर, श्वास पुरेसा मिळत नाही पण जीवही जात नाही अशा जागी, ज्या पेशी तग धरून असतात, त्याच सगळ्यांत हट्टी.

हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, प्राणवायूचा आणि किरणांचा संबंध काय? मी वाचलेलं सांगितलं: किरणांनी धागा तुटला की त्या तुटलेल्या टोकाशी प्राणवायू जोडला जातो आणि ती जखम पक्की होते, प्राणवायू नसेल तर पेशी ते टोक पुन्हा पूर्ववत करू शकते. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे गंजासारखं. हवा लागली नाही तर लोखंडाला गंज चढत नाही.” मी एवढी पानं वाचून जिथे पोचले नव्हते तिथे ते एका वाक्यात पोचले. आणि लगेच पुढचा प्रश्न आला, जो फक्त फिटरच विचारू शकतो: “पण तुटलेलं जोडायला त्यांना सामान कुठून मिळतं?”

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ते इंजेक्शन होतं. २०१३ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट दाखवली. प्रोस्टेटच्या पेशीत टेस्टोस्टेरॉन ज्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटतं, तो ग्राहक डीएनएच्या दुरुस्तीची जनुकंही चालू करतो. म्हणजे हार्मोन गाठीला नुसतं वाढवत नाही, रोजच्या किरणांनी तुटलेलं जोडायला मदतही करतं. पुरवठा तोडला की दुरुस्ती ढिली पडते आणि किरणांचा घाव बसतो. हे ‘कसं’ कळण्याच्या कितीतरी आधी ‘काय’ ते कळलं होतं. युरोपातल्या चारशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, जो १९९७ मध्ये छापून आला, नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी १०० पैकी ६२ जण हयात होते आणि सोबत तीन वर्षं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ७९. तेवढा फरक वाचून मी रात्री दीड वाजता खुर्चीतून उठले होते. बाबांना आकडा सांगितला तेव्हा ते त्याच्यावर काही बोलले नाहीत. “सामान बंद करायचं,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून विचारलं, इंजेक्शन पोटावर देतात की दंडावर.

रेडिएशनच्या आधी दोन महिने इंजेक्शन चालू होतं, पुरवठा आधी आटावा म्हणून. तिसऱ्या आठवड्यापासून वाफा सुरू झाल्या. एका रात्री अडीच वाजता मी बैठकीच्या खोलीत आले, तर बाबा अंधारात बनियन काढून पंख्याखाली उभे. मान, छाती घामाने चकाकत होती. मीही त्याचसाठी उठून आले होते. माझं वय पन्नास, माझ्या अंगातूनही गेलं वर्षभर तेच उसळत होतं. मी पंखा पाचवर केला आणि त्यांच्याशेजारी उभी राहिले. त्यांनी विचारलं, “हे असंच होतं का गं? छातीतून सुरू होऊन वर कानापर्यंत?” मी हो म्हटलं. “आणि मग एकदम गार पडतं?” हो. ते म्हणाले, “तुझ्या आईला व्हायचं. ती उठून खिडकी उघडायची आणि मी म्हणायचो, बंद कर, थंडी वाजते.” मग बराच वेळ आम्ही दोघं वारा घेत उभे राहिलो. आई जाऊन नऊ वर्षं झाली.

इथपर्यंत आल्यावर, म्हणजे शेकाची भीती गेली, इंजेक्शन घेतलं, वाफा सोसल्या, त्याच्यानंतर पाणी ओतायचं काय कारण? त्या दिवशी त्यांना पुन्हा अर्धा लिटर प्यायला लावलं, पुन्हा पाऊण तास थांबलो, शेवटी सिटिंग झाली. या वेळी मी समोर उभी राहून त्यांना पिताना पाहिलं, पहारेकऱ्यासारखी. त्यांनी माझ्याकडे न बघता बाटली तोंडाला लावली, आणि गळ्याची गाठ वरखाली होताना मला एकदम वाटलं, मी याच्या बाजूची आहे की मशीनच्या?

पाण्याची भानगड काही उगाच नसते. मूत्राशय भरलेलं असलं की ते वर उचललं जातं आणि त्याचा मोठा भाग किरणांच्या वाटेतून बाजूला राहतो, आतडीही वर सरकतात. शिवाय प्रोस्टेट मूत्राशय आणि गुदाशय यांच्या मधे बसलेलं. शेजारी आज भरलेले, उद्या रिकामे असले की ते काही मिलिमीटर हलतं. वीस दिवस तोच नेम धरायचा तर शेजाऱ्यांनी वीस दिवस तसंच राहायला हवं. पूर्वी सदतीस-अडतीस सिटिंग असायच्या. या गाठी सावकाश वाढतात आणि रोजच्या मात्रेचा आकार मोठा असला की जास्त दुखावतात, असं दिसून आलं. इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले आणि ६० ग्रे वीस भागांत देणं रुळलं. २०२४ मध्ये तर, जिथे रोग आटोक्यातला आहे अशा रुग्णांसाठी, पाच सिटिंगचेही तितकेच चांगले निकाल छापून आले. संख्या कमी झाली तशी एकेका दिवसाची किंमत वाढली. एक दिवस रिकाम्या मूत्राशयावर गेला तर वीसातला एक भाग चुकीच्या जागी जाण्याची भीती. म्हणून ती मुलगी एवढी काळजीने विचारत होती.

त्या संध्याकाळी मी बाबांची फाईल आवरायला घेतली. निळ्या पुठ्ठ्याची फाईल, तिचा खालचा कोपरा फुगलेला आणि कागद लाटांसारखे वाळलेले. शुक्रवारी घरी येताना त्यांनी ती फाईल दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, गाडीतून उतरेपर्यंत. कोपरा ओला पाहून मी विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, “बाटली गळते.” म्हणून तर मी नवी बाटली आणली आणि तिच्यावर नव्याने रेघ मारली. जुनी बाटली ओट्याखाली पडून होती. मी ती काढली, नळाखाली काठोकाठ भरली, झाकण लावून उलटी धरली.

एक थेंब पडला नाही.

मी ती तशीच उलटी धरून उभी होते. शुक्रवारी मशीनला काहीतरी अडचण आली होती आणि सगळ्यांना तासभर जास्त थांबावं लागलं होतं, ते आठवलं. बाबा दोनदा उठून उभे राहिले होते आणि दोन्ही वेळा मीच म्हणाले होते, “थोडं धरा, आता बोलावतीलच. आत्ता गेलात तर परत पहिल्यापासून.” रेडिएशनने मूत्राशयाचं अस्तर चिडतं, लघवीची घाई वाढते, हे मी वाचलं होतं. आठवडाभरात मला ते त्यांच्या चालण्यात दिसायला हवं होतं. गाठ कशी तग धरते याची मी इतकी पानं वाचली, आणि शेजारी बसलेला माणूस काय धरून बसलाय ते मला कळलं नाही. सकाळी मी खोटं का बोलले, तेही तेव्हाच कळलं. त्या रुमालाने ओठ पुसण्यात जे होतं, ते चार माणसांत उघडं पडू नये, एवढंच मला आतून वाटलं होतं.

बाबा खोलीत पलंगावर बसले होते. माझ्या हातात जुनी बाटली पाहिली आणि त्यांना समजलं. मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले, भिंतीकडे बघत, “टेबलावर झालं. ती पोरगी काही बोलली नाही. तिने कागद टाकला, पुसून घेतलं, म्हणाली होतं असं. पण तिला नातू म्हणावा एवढ्या वयाचा एक पोरगा तिथे होता.” वाक्य उलटसुलट झालं होतं, त्यांनी ते सुधारलं नाही. मग म्हणाले, “मरायची भीती नाही वाटत. याची वाटते.”

दुसऱ्या दिवशी मी लवकर जाऊन त्या मुलीला गाठलं आणि सांगितलं, सगळं नाही, जेवढं लागेल तेवढं. ती म्हणाली, भरगच्च असण्यापेक्षा रोज सारखं असणं महत्त्वाचं आहे. आपण यांना थोडं कमी पाणी ठरवून देऊ, डॉक्टरांना विचारून, आणि यांचा नंबर मशीन वेळेवर असेल तेव्हाचा, सकाळचा ठेवू. उशीर होणार असेल तर पाणी प्यायच्या आधीच ती मला फोन करणार. एवढं सोपं होतं. कुणीतरी विचारायचं होतं. मार्करची रेघ मी स्पिरिटने पुसली आणि बाबांच्या हातात मार्कर दिला. त्यांनी पट्टी मागितली, मोजली, आणि पहिल्या रेघेच्या बोटभर वर स्वतः रेघ मारली, माझ्यापेक्षा सरळ. शिवाय मी एक कापडी पिशवी केली: एक पँट, एक अंतर्वस्त्र, टॉवेल, प्लास्टिकची पिशवी. ती खांद्याला लावली आणि तिच्याबद्दल काही बोलले नाही. बाबांनी पहिल्या दिवशी पिशवीकडे पाहिलं आणि नजर वळवली. दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी जिना उतरताना मागे वळून म्हणाले, “पिशवी घेतलीस का?”

उरलेल्या चौदा सिटिंगमध्ये ती एकदाच उघडावी लागली.

आता सात महिने झाले. पीएसए, म्हणजे रक्तात मोजतात ते प्रोस्टेटचं प्रथिन, अगदी खाली आहे, पण इंजेक्शन चालू असेपर्यंत तो खालीच असणार. तो आकडा खरा बोलायला लागेल ते इंजेक्शन थांबल्यावर, हार्मोन परत आल्यावर. तेव्हा तो किंचित वर सरकेल आणि आम्ही घाबरू. सगळ्यांत खालच्या आकड्यापेक्षा २ ने वाढला तर रोग परतला असं धरतात, हे बाबांनी वहीत लिहून ठेवलंय, ज्यूलच्या हिशेबाच्या खालीच. त्यांचे दंड बारीक झालेत. रबराचा पट्टा दाराच्या कडीला अडकवून रोज ओढतात, स्नायू टिकावेत म्हणून. कधी कधी कारण नसताना त्यांचे डोळे भरून येतात, मग ते उठून खिडकीशी जातात. रात्री पंख्याखाली आम्ही अजून भेटतो. गाठीने दाद दिली की नाही, ते कळायला वर्षं जातील.

मागच्या आठवड्यात तपासणीला निघालो होतो. नुसतं रक्त द्यायचं, पाणी प्यायचं नाही, थांबायचं नाही, पाच मिनिटांचं काम. मी कुलूप लावत होते. बाबा दोन पायऱ्या उतरले होते, फाईल काखेत. थांबले.

“पिशवी घेतलीस का?”

मी कुलूप उघडून पिशवी घेऊन आले.